शाल-श्रीफळाने म्हातारपण सुखी होत नाही

दरवर्षी १ ऑक्टोबरला जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन साजरा होतो. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९० मध्ये तसा ठराव केला आणि १९९१ पासून जगभर हा दिवस पाळला जाऊ लागला. आपल्याकडे त्या दिवशी काय होते, हे वेगळे सांगायला नको. एखाद्या सभागृहात दहा-पाच ज्येष्ठांना खुर्चीवर बसवतात, शाल-श्रीफळ देतात, फोटो काढतात. मग एखादा वक्ता उठतो आणि उपदेश करतो, की म्हातारपणी मन शांत ठेवावे, मुला-सुनांच्या संसारात लक्ष घालू नये, मोह सोडावा, म्हणजे सुख आपोआप लाभते. टाळ्या पडतात, कार्यक्रम संपतो. शाल घेऊन घरी गेलेल्या म्हातारीची रक्तदाबाची गोळी मात्र आठ दिवसांपूर्वीच संपलेली असते. ती आणायला पैसे कोणाकडे मागायचे, हा तिचा प्रश्न शालीखाली तसाच झाकलेला राहतो.

म्हातारा माणूस सुखी कशाने होतो? कोर्टाच्या आवारात, प्रांत कचेरीच्या पायरीवर, तहसीलच्या रांगेत जी म्हातारी माणसे भेटतात, त्यांच्याशी पाच मिनिटे बोलले तरी या प्रश्नाचे उत्तर मिळते. त्यांचे मागणे फार मोठे नसते. हातात स्वतःचे चार पैसे असावेत, घरात आणि गावात आपल्या शब्दाला किंमत असावी आणि दिवसाकाठी दोन शब्द बोलायला माणूस असावा. पैसा, मान आणि सोबत. या तीन गोष्टी असल्या तर गुडघे दुखत असतानाही माणूस हसतो. त्या नसल्या तर निरोगी माणूससुद्धा कधी एकदा सुटतो, असे म्हणू लागतो. या तिन्ही गोष्टी दयेवर सोडायच्या की हक्क म्हणून मिळवायच्या, हा खरा प्रश्न आहे. आपल्या चळवळीने तो अजून हवा तितक्या गांभीर्याने हाती घेतलेला नाही.

या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी बाबासाहेबांनी फार पूर्वी देऊन ठेवली आहे. सिद्धार्थ गौतमाने गृहत्याग का केला, याची पारंपरिक कथा सर्वांना ठाऊक आहे. वाटेत म्हातारा दिसला, रोगी दिसला, प्रेत दिसले आणि राजपुत्राला संसाराचा वीट आला, अशी ती कथा. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच बाबासाहेबांनी या कथेवर बोट ठेवले. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत म्हातारा पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटत नाही, असा त्यांचा सरळ आक्षेप. त्यांनी गृहत्यागाचे कारण शोधले ते शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यात, म्हणजे माणसामाणसांतल्या संघर्षात. यातून आपण काय घ्यायचे? केस पिकणे, दात पडणे, नजर अधू होणे हा निसर्ग आहे. त्याला घाबरून पळण्याचे कारण नाही. पण म्हाताऱ्या माणसाचे उपाशी झोपणे, त्याला परसातल्या खोलीत टाकणे, त्याचा अंगठा घेऊन घर हडपणे हा निसर्ग नाही. ती माणसाने केलेली करणी आहे, आणि माणसाने जे केले ते माणसाला बदलता येते.

मान कोणाला होता?

ज्येष्ठांचा आदर करणे ही आपली थोर भारतीय संस्कृती आहे, असे अशा सभांतून हटकून सांगितले जाते. ही संस्कृती नेमकी कोणाच्या ज्येष्ठांचा आदर करीत होती, ते एकदा तपासून पाहावे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात एक नियम आहे. दहा वर्षांचा ब्राह्मण आणि शंभर वर्षांचा क्षत्रिय यांच्यात पिता कोण, तर दहा वर्षांचा ब्राह्मण. त्याच अध्यायात पुढे, मान देण्यास पात्र कोण, हे सांगताना शूद्रालाही जागा दिली आहे. पण केव्हा, तर त्याने वयाची नव्वदी ओलांडून दहाव्या दशकात पाऊल टाकल्यावर! राबून राबून चाळिशी-पन्नाशीत मरणाऱ्या माणसाला नव्वदीनंतरच्या मानाचे आश्वासन द्यायचे, यापेक्षा क्रूर थट्टा कोणती? आणि जे शूद्रांच्याही खाली, गावकुसाबाहेर, त्यांचा तर या हिशोबात उल्लेखही नाही. स्त्रीला त्याच ग्रंथाने बालपणी बापाच्या, तरुणपणी नवऱ्याच्या आणि म्हातारपणी मुलाच्या ताब्यात ठेवले. म्हणजे म्हाताऱ्या बाईने स्वतःच्या मनाने जगावे, ही कल्पनाच तिथे नाही.

हे केवळ पोथीत राहिले नाही. पांढऱ्या केसांच्या महाराला पाटलाच्या दहा वर्षांच्या पोराने ‘अरे-तुरे’ करावे आणि त्या म्हाताऱ्याने ‘जोहार’ घालून बाजूला उभे राहावे, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगले आहे. आज जे सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, त्यांच्यातल्या अनेकांनी लहानपणी स्वतःच्या बापाला असे खाली मान घालून उभे राहिलेले पाहिले आहे. आपल्या ज्येष्ठांच्या सुखाचा विचार करताना ही गोष्ट विसरून चालणार नाही. ज्या पिढीने मान मिळवण्यासाठी रक्त आटवले, तिला आयुष्याच्या शेवटी स्वतःच्याच घरात ‘तुला काय कळतंय, गप्प बस’ असे ऐकावे लागले, तर ते दुःख गुडघेदुखीपेक्षा मोठे असते. गावाने केलेला अपमान त्यांनी लढून परतवला. पोटच्या पोराने केलेला अपमान ते कोणाविरुद्ध लढून परतवणार?

पन्नास रुपये रोजात सुख

आता पैशाकडे वळू. घटनेच्या कलम ४१ मध्ये राज्याने आपल्या आर्थिक कुवतीनुसार बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि अपंगत्व यांत नागरिकाला साहाय्य करावे, असे स्पष्ट लिहिले आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या काळातच कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा अदारकर यांच्या अहवालाने तयार झाला आणि त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. कष्टकऱ्याचे आजारपण आणि म्हातारपण ही त्याच्या नशिबाची नव्हे, समाजाची जबाबदारी आहे, हा विचार या देशाच्या राज्यकारभारात रुजविणाऱ्यांत बाबासाहेब अग्रभागी होते.

त्या विचाराचे पुढे काय झाले? केंद्र सरकारने १९९५ मध्ये राष्ट्रीय वृद्धापकाळ पेन्शन योजना सुरू केली, तेव्हा रक्कम होती महिना ७५ रुपये. २००७ मध्ये योजनेला इंदिरा गांधींचे नाव दिले गेले, तेव्हा ती २०० रुपये होती. साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठी केंद्राचा हा वाटा त्यानंतर दीड दशकाहून अधिक काळ २०० रुपयांवरच थांबला. या काळात डाळीचा भाव, गॅसचा भाव, औषधाचा भाव कुठून कुठे गेला, हे घर चालवणाऱ्या बाईला विचारा. महाराष्ट्रात श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनांची रक्कम २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० रुपये करण्यात आली. म्हणजे रोजचे पन्नास रुपये. एवढ्यात दोन वेळचे जेवण, गोळ्या, चष्मा आणि नातवाच्या हातावर ठेवायला एक रुपया, सगळे बसवायचे. आणि ही रक्कम वाढवली तेव्हाही वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याची अट तशीच ठेवली गेली. एकवीस हजार म्हणजे रोजचे अठ्ठावन्न रुपयेही होत नाहीत. खरा दाखला काढला तर निराधार म्हातारी अपात्र ठरते आणि पात्र व्हायचे तर खोटा दाखला काढावा लागतो. गरिबाला खोटे बोलायला लावणारी अशी अट कोणाच्या सोयीची आहे?

संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांनी २०२३ मध्ये भारतातील वार्धक्याचा अहवाल प्रसिद्ध केला. देशातील चाळीस टक्क्यांहून अधिक वृद्ध सर्वांत गरीब पंचमांश गटात मोडतात आणि त्यांतल्या जवळपास १८.७ टक्के लोकांना कसलेच उत्पन्न नाही, असे हा अहवाल सांगतो. साठीनंतर स्त्रिया सरासरी १९ वर्षे आणि पुरुष साडेसतरा वर्षे जगतात, हेही त्यात आहे. म्हणजे शेवटची वर्षे एकटीने काढण्याची पाळी जास्त करून बाईवर येते, आणि तिच्याच नावावर घर नाही, शेत नाही, बँकेत पैसा नाही.

आपले बहुसंख्य लोक कोणत्या कामांत म्हातारे झाले, हे आठवा. बांधकामावर, वीटभट्टीवर, ऊसतोडीत, बिडी वळण्यात, घरकामात, कंत्राटी सफाईत. या कामांना ना भविष्यनिर्वाह निधी, ना ग्रॅच्युइटी, ना पेन्शन. ज्यांना खासगी कारखान्यात भविष्यनिर्वाह निधीची पेन्शन मिळते, त्यांच्यासाठीही २०१४ मध्ये सरकारने किमान रक्कम ठरवली ती महिना १,००० रुपये. ज्या थोड्यांना आरक्षणामुळे सरकारी नोकरी मिळाली, त्यांच्या घरातले म्हातारपण आणि शेजारच्या कंत्राटी सफाई कामगाराच्या घरातले म्हातारपण शेजारी शेजारी ठेवून पाहा. पेन्शनवाल्या आजोबांना घरात चहा वेळेवर मिळतो, दवाखान्यात नेले जाते, लग्नकार्यात त्यांचे मत विचारले जाते. दुसऱ्या घरातले आजोबा वाईट स्वभावाचे असतात असे नाही. त्यांच्या नावावर महिन्याच्या एक तारखेला काही जमा होत नाही, एवढाच फरक. आदर आणि प्रेम पैशाने विकत मिळत नाही, हे खरे. पण परावलंबी माणसाचा आदर टिकवायला घरच्यांना फार मोठे मन लागते, आणि दारिद्र्यात एवढे मोठे मन टिकवणे कठीण असते.

म्हणूनच मुलांना सरसकट दोष देऊन भागत नाही. दहा-बारा हजारांवर कंत्राटी काम करणारा मुलगा भाडे, शाळेची फी आणि किराणा यांतच बुडालेला असतो. राज्याने आपली कलम ४१ ची जबाबदारी झटकायची आणि ती या मुलाच्या खांद्यावर टाकून वर त्यालाच श्रावणबाळाच्या गोष्टी ऐकवायच्या, हा ढोंगीपणा आहे. निराधार पेन्शनला श्रावणबाळाचे नाव देण्यातही तीच मनोवृत्ती दिसते. घटनेने जे साहाय्य राज्याचे कर्तव्य म्हणून सांगितले, ते पुत्रभक्तीच्या पुराणकथेत गुंडाळून दिले जाते.

आयुष्याची शिदोरी

म्हातारपणाचे सुख साठीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होत नाही. त्याची शिदोरी लहानपणापासून बांधली जाते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ मध्ये एक अभ्यास सुरू केला. पुढे त्याला जोडून घेतलेल्या दुसऱ्या अभ्यासासह त्यात दोन गट होते: हार्वर्डचे २६८ विद्यार्थी आणि बोस्टन शहराच्या गरीब वस्त्यांतली ४५६ मुले. ही माणसे म्हातारी होईपर्यंत त्यांची तब्येत, कामधंदा, संसार यांची नोंद ठेवली गेली. त्यातला एक निष्कर्ष जगभर गाजला. पन्नाशीत ज्यांचे नातेसंबंध समाधानाचे होते, ते ऐंशीत अधिक निरोगी होते. पण याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आपल्या दृष्टीने जास्त मोलाची आहे. अभ्यासाचे दीर्घकाळ संचालक राहिलेले जॉर्ज व्हेलंट यांनी दाखवून दिले, की गरीब वस्तीतल्या माणसांची तब्येत सत्तरीच्या सुमारास जेवढी ढासळली, तेवढी हार्वर्डवाल्यांची ऐंशीच्या सुमारास ढासळली होती. म्हणजे गरिबीने दहा वर्षे आधी म्हातारपण आणले. मात्र वस्तीतल्या ज्या थोड्या मुलांनी कॉलेजचे शिक्षण पूर्ण केले, त्यांची तब्येत म्हातारपणी हार्वर्डवाल्यांच्या बरोबरीची निघाली.

हा अभ्यास गोऱ्या पुरुषांचा आहे. त्यात काळे नव्हते, सुरुवातीला बायका नव्हत्या, आणि जात नावाची गोष्ट तर त्यांना माहीतच नव्हती. तरीही शिक्षणाने म्हातारपण बदलते, ही साक्ष त्यातून मिळते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी जी चौदा कारणे सांगितली, त्यांत लहानपणी शिक्षण अपुरे राहणे, ऐकू कमी येण्यावर उपाय न होणे आणि माणसांपासून तुटणे ही कारणे आहेत. ज्यांना शाळेच्या दाराबाहेर बसवले, त्यांचे केवळ बालपण हिरावले गेले असे नाही. त्यांच्या म्हातारपणातली स्मृतीही धोक्यात टाकली गेली. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश नोकरीपुरता नव्हता, हे आता वैद्यकशास्त्रही सांगू लागले आहे.

आपल्या देशातला जातीचा हिशोबही समोर आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात नऊ राज्यांतील आयुर्मानाची तुलना केली गेली. त्यात महाराष्ट्र नव्हता. त्या राज्यांत सवर्ण हिंदूंच्या तुलनेत दलितांचे आयुर्मान तीन वर्षांहून अधिक आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी असल्याचे आढळले. आर्थिक स्थितीतला फरक हिशोबात धरला, तरी ही दरी पूर्ण भरून निघाली नाही. म्हणजे जात आपल्या माणसांच्या आयुष्याची वर्षेच खाते. सुखी म्हातारपण ही पुढची गोष्ट झाली. आधी म्हातारे होण्याचा हक्क मिळवावा लागेल.

एकटेपण हा आजार आहे

राहिली सोबत. वस्ती कितीही गरीब असली तरी तिथे ओटा होता, पार होता, नळाची रांग होती. सकाळी उठून दारात बसले की चार माणसे विचारपूस करून जात. आता शहरात झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारती उभ्या राहिल्या. पक्के घर मिळाले, ही चांगलीच गोष्ट आहे. पण सातव्या मजल्यावरची आजी लिफ्ट बंद असली की आठ-आठ दिवस खाली उतरत नाही. दार बंद, मुलगा-सून कामावर, नातवंडे मोबाइलवर. गावाकडे वेगळीच तऱ्हा. तरुण पोरे पुण्या-मुंबईला गेली आणि बौद्धवाड्यात उरले ते फक्त म्हातारे.

छोट्या वाटणाऱ्या गोष्टीही इथे किती फरक पाडतात, हे पाहा. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. लेकीच्या घरी जायचे तर मुलाकडे तिकिटाचे पैसे मागावे लागत होते, त्या आजी आता कोणाला न विचारता पिशवी उचलतात आणि स्टँडवर जातात. त्या पासाने त्यांचे पैसे वाचवलेच, शिवाय मागण्याची लाज वाचवली. याच्या नेमके उलट रेल्वेने केले. ज्येष्ठ नागरिकांची तिकिटातली सवलत मार्च २०२० मध्ये कोरोनाचे कारण देऊन बंद केली आणि साथ ओसरून वर्षे लोटली तरी ती परत दिली नाही. नागपूरच्या दीक्षाभूमीला, दादरच्या चैत्यभूमीला आयुष्यात एकदा तरी जायचे, ही इच्छा बाळगून असलेल्या गरीब म्हाताऱ्याला त्या सवलतीची किंमत विचारा.

कायदा काय म्हणतो?

२००७ मध्ये संसदेने आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा व कल्याणाचा कायदा केला. वाचकांनी त्यातल्या काही तरतुदी पाठच कराव्यात. मुलगा, मुलगी, सज्ञान नातू किंवा नात सांभाळत नसतील, तर आई-वडिलांना प्रांताधिकाऱ्यांच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे असलेल्या न्यायाधिकरणात पोटगी मागता येते. आई-वडिलांना यासाठी साठ वर्षांची अट नाही. कायद्याने पोटगीची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये ठेवली आहे. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत अर्ज निकाली काढायचा आहे. अपवाद म्हणून आणखी तीस दिवस. साध्या अर्जावर काम होते, वकिलाच्या फीचा प्रश्न येत नाही. ज्येष्ठाची जबाबदारी असताना त्याला सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कलम ५ नुसार, ज्या वृद्धाला स्वतः अर्ज करणे जमत नाही, त्याच्या वतीने त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. आपल्या किती विहार समित्या, किती जयंती मंडळे, किती महिला मंडळे नोंदणीकृत आहेत! त्यांपैकी किती जणांनी असा एक तरी अर्ज केला आहे?

दुसरा मुद्दा घराचा. ‘बाबा, नंतर कटकट नको, आताच नावावर करून टाका,’ असे म्हणत बक्षीसपत्रावर सही घेतली जाते आणि वर्षभरात बाबा बाहेर. अशा वेळी कलम २३ मदतीला येते. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि ती अट मोडली, तर ते हस्तांतर रद्द करता येते. मात्र ही अट होती, हे सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा खटल्यात सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित खटल्यात याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताने, उदारपणे लावला आणि आईला तिचे घर परत दिले. म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. जिवंतपणी घर कोणाच्या नावावर करू नका. मृत्युपत्र करा, ते कधीही बदलता येते. बक्षीसपत्र करायचेच असेल तर ‘मरेपर्यंत सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द त्यात लिहून घ्या. आणि कोऱ्या कागदावर अंगठा? कदापि नाही.

आईच्या वाट्याचे एक कलमही बहुतेकांना ठाऊक नसते. बौद्धांनाही लागू असलेल्या १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार, मुलगा मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या विधवेइतकाच आणि मुलांइतकाच वाटा त्याच्या आईला मिळतो. हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. त्या बिलातून पुढे जे हक्क बायकांच्या पदरात पडले, त्यांतलाच हा एक. तो ‘जाऊ दे, पोराच्या लेकरांचं आहे’ म्हणून हक्कसोडपत्रावर सही करून सोडून देऊ नका.

मात्र सासूच्या हक्काच्या नावाखाली सुनेला रस्त्यावर काढण्यासाठी या कायद्याचा वापर करू पाहणारेही आहेत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये एस. वनिता खटल्यात बजावले, की कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सुनेला दिलेला राहत्या घराचा हक्क असा परस्पर बुडवता येणार नाही. एका बाईचे म्हातारपण दुसऱ्या बाईच्या छळावर सुखी करणे समतेच्या चळवळीला मान्य होणार नाही.

आपण काय करणार?

सरकारकडून जे घ्यायचे ते भांडून घेतलेच पाहिजे. पेन्शन महागाईशी जोडा, उत्पन्नाची अट माणसाला शोभेल अशी करा, पैसे दर महिन्याला ठरलेल्या तारखेला द्या, या मागण्या प्रत्येक मोर्चाच्या निवेदनात आल्या पाहिजेत. डिसेंबर २०१८ मध्ये अश्वनी कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वृद्धांचा सन्मान, निवारा आणि आरोग्य यांना जगण्याच्या मूलभूत हक्काशी जोडले आहे. हा आधार आपल्या हातात आहे.

पण काही कामे आपल्याच हातातली आहेत. आपल्या समाजातले काही शिकलेले लोक शहरात फ्लॅट घेतात, दारावर अशोकचक्र लावतात, वर्षातून एकदा जयंतीला मोठी वर्गणी देतात आणि ज्या आईने दुसऱ्याची भांडी घासून त्यांना शिकवले, ती गावात एकटी चुलीपुढे बसलेली असते. तिची भाषा, तिचे नऊवारी लुगडे, तिचे गोंदण यांची त्यांना साहेबी वर्तुळात लाज वाटते. बुद्धाने सिगालाला गृहस्थाची कर्तव्ये सांगताना ज्यांनी आपल्याला पोसले त्या आई-वडिलांना पोसणे हे कर्तव्य पहिल्या दिशेला, पूर्व दिशेला ठेवले. ते सुत्त पाठ म्हणायचे आणि आईला महिन्याकाठी फोनही करायचा नाही, याला धम्म म्हणत नाहीत.

विहार रविवारच्या वंदनेपुरता उघडतो आणि आठवडाभर कुलूप असते. ते कुलूप काढा. दुपारी दोन तास म्हाताऱ्यांना बसायला जागा, एक वर्तमानपत्र, एक चहाची किटली, यासाठी फार मोठा निधी लागत नाही. आठवड्यातून एक दिवस शिकलेल्या मुला-मुलींनी तिथे बसून श्रावणबाळचे अर्ज, हयातीचे दाखले, सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेले पाच लाखांच्या उपचाराचे आयुष्मान कार्ड यांची कागदपत्रे करून द्यावीत. ज्येष्ठांसाठीच्या मदतवाहिनीचा १४५६७ हा क्रमांक विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, हेही त्याखाली लिहावे.

आणि त्यांना काम द्या. म्हाताऱ्याला सर्वांत जास्त खाते ते निरुपयोगी झाल्याचे दुःख. १९७२ मध्ये विशीत पँथरमध्ये आलेला तरुण आज सत्तरी ओलांडून गेला आहे. १९५६ साली आईच्या कडेवर बसून दीक्षाभूमीवर गेलेले मूलही सत्तरीत आहे. नामांतराच्या १९७८ ते १९९४ या सोळा वर्षांच्या लढ्यात लाठ्या खाल्लेले, घरे जळालेले लोक अजून आपल्यात आहेत. भूमिहीनांच्या १९६४ च्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेली एखादी आजी अजून कुठल्या तरी वाडीत असेल. या माणसांच्या आठवणी कोणत्याही सरकारी दप्तरात नाहीत. प्रत्येक वस्तीतल्या तरुणांनी मोबाइल घेऊन त्यांच्यासमोर बसावे आणि त्यांना बोलते करावे. चळवळीचा इतिहास नोंदवला जाईल, आणि ज्यांना घरात कोणी विचारत नाही त्यांना कळेल, की आपल्या जगण्याची कोणाला तरी गरज आहे.

पैसा, मान आणि सोबत यांसाठी कोणत्याही म्हाताऱ्याला कोणापुढे पदर पसरावा लागू नये, एवढी व्यवस्था उभी करणे हेही समतेचेच काम आहे. या वर्षी १ ऑक्टोबरला शाली वाटू नका. आपल्या वस्तीत साठी ओलांडलेले किती जण आहेत, त्यांतल्या किती जणांना पेन्शन मिळते आणि किती जणांची मिळायची राहिली आहे, याची यादी करा आणि ती घेऊन तहसीलदारांच्या दारात जा. पुढच्या वर्षी त्या यादीतले एकही नाव पेन्शनविना राहता कामा नये.